बोदोनीचे अक्षर

रोमन मुद्राक्षरांत बोदोनीइतके देखणे अक्षर क्वचितच आढळेल. त्याची ओळख पटायला वेळ लागत नाही. उभे दांडे जाड व ठसठशीत, तर आडव्या आणि जोडणाऱ्या रेघा केसासारख्या बारीक. दांड्याच्या टोकाशी जी आडवी रेघ असते तिला सेरिफ म्हणतात. जुन्या अक्षरांत ती दांड्याला गोलाई घेऊन मिळते. बोदोनीत ती थेट काटकोनात बसते.

जांबात्तिस्ता बोदोनी (१७४०–१८१३) हा इटलीतील एका मुद्रकाचाच मुलगा. १७६८ मध्ये पार्माच्या ड्यूकने त्याला आपल्या छापखान्यासाठी बोलावले. त्यापूर्वी इंग्लंडात बास्करव्हिलने गुळगुळीत कागद आणि गडद काळी शाई वापरून दाखवली होती. पॅरिसला दिदो घराणेही याच वाटेने निघाले होते. बारीक रेघ पोलादात कोरणे हे कारागिराच्या हातात असते, पण ती उमटायला कागदही तोलाचा लागतो. बोदोनीची पुस्तके मोठ्या आकाराची, रुंद समासांची, सरदार-दरकदारांनी संग्रही ठेवावीत अशी. मी या अक्षराला दरबारी म्हणतो ते त्यामुळेच. त्याला गर्दी सोसत नाही. 'व्होग' व 'हार्पर्स बझार' या फॅशनच्या मासिकांची नावे याच कुळीच्या अक्षरांत छापलेली दिसतात, ते साहजिकच आहे.

अडचण येते ती बारीक मजकुरात. आम्हाला इंग्रजीच्या काही नोट्स मिळाल्या, त्या अशाच अक्षरात छापून पुन्हा पुन्हा झेरॉक्स केलेल्या. केसासारख्या रेघा उडाल्या होत्या. लहान 'ई'मधली आडवी रेघ गेली की 'सी' उरतो, आणि 'इअर'चा 'कार' होतो! ज्याच्या घरात इंग्रजी वर्तमानपत्र येते तो संदर्भावरून शब्द ओळखतो. माझ्यासारखा, ज्याच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा तोच पहिला, तो 'कार'च वाचतो आणि शब्दकोश उघडून बसतो. अज्ञान त्याचे ठरते, गेलेली असते ती रेघ.

यात बोदोनीला दोष देता येत नाही. तो प्रत्येक आकाराचे ठसे निराळे कोरीत असे, आणि लहान आकारात बारीक रेघ प्रमाणाने जाड ठेवीत असे. त्याच्या मृत्यूनंतर पत्नीने १८१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन खंडी 'मानुआले तिपोग्राफिको'त हे आकार ओळीने मांडलेले आहेत. संगणकावर मात्र पुष्कळदा एकच आराखडा लहानमोठा केला जातो. १९९४ मध्ये आयटीसी कंपनीने पार्म्याच्या मूळ ठशांचा अभ्यास करून सहा, बारा आणि बहात्तर पॉइंटांसाठी तीन वेगळे आराखडे काढले. सहा पॉइंटांचा आराखडा पाहावा; तो जवळजवळ खेडवळ वाटतो, पण वाचता येतो.

आपल्या देवनागरीला हे वळण देण्याचा मोह कुणाला झालाच, तर त्याने आधी शिरोरेषेचा विचार करावा. आडवी तेवढी रेघ बारीक करायची म्हटल्यास पहिला घाव तिच्यावरच पडेल.