काजळी, रबर आणि खरा आकडा



टायर काळे का असते? रंगासाठी नव्हे, तर काजळीमुळे, म्हणजेच कार्बन ब्लॅकमुळे. नुसते रबर लवकर झिजते व फाटते. त्यात काजळीचे अतिसूक्ष्म कण मिसळले की ते बळकट होते. मात्र कण रबराला घट्ट चिकटले पाहिजेत. जेथे कण सुटतो तेथे पोकळी पडते व चीर वाढू लागते. दिसायला दोन्ही नमुने सारखेच काळे. म्हणून आपल्याला मोजावे लागते.

पहिली कसोटी 'बद्ध रबरा'ची. गंधकाने पक्के करण्यापूर्वीच्या मिश्रणाचे बारीक तुकडे वजन करून जाळीत बांधतात व टोल्यूइनमध्ये काही दिवस बुडवून ठेवतात. मोकळे रबर विरघळून जाते, कणांना धरलेले उरते. समजा, १०० भाग रबरात ५० भाग काजळी आहे आणि नमुना ०.६० ग्रॅमचा आहे. म्हणजे रबर ०.४० व काजळी ०.२० ग्रॅम. वाळवल्यावर ०.३२ ग्रॅम उरले, तर काजळी वजा जाता ०.१२ ग्रॅम रबर बद्ध आहे. एकूण रबराच्या ३० टक्के.

सिलिकाचे कण रबरापेक्षा एकमेकांनाच अधिक धरतात. म्हणून दोघांमध्ये सिलेनचा दुवा घालतात. हीच चाचणी अमोनियाच्या सान्निध्यात केली, तर दुबळे भौतिक बंध सुटतात व रासायनिक बंधाने धरलेले रबर तेवढे उरते.

दुसरी कसोटी 'पेन परिणामा'ची. नमुना अगदी थोडा हलवला असता ताठ असतो, अधिक हलवला की मऊ पडतो. कणांनी आपापसांतच जाळे केले असेल, तर ही घट मोठी येते.

तरीही एका आकड्यावर विसंबू नये. नमुना ताणून पाहावा. तुटलेला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा. कण उघडे, स्वच्छ दिसले तर बंध कच्चा समजावा.

तथागतांनी कालामांना हेच सांगितले : केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा. आपली मुलेमुली आज प्रयोगशाळांत काम करतात. मालाची घाई असते, 'आकडा जरा बरा लिहा' असे वरून सुचवले जाते. अशा वेळी आपण ध्यानात ठेवू की, त्या टायरवर कोणाचे तरी प्राण असतात. खोटा आकडा लिहिणे हा पंचशीलातील चौथ्या शीलाचा भंगच होय.

जयभीम!