रिकाम्या हातानं आलीस तरी चालेल

वसई, ९ डिसेंबर

लाडक्या बाय,

रविवारी दुसरी मिस्सा सुटल्यावर एकीनं मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, की तू आईच्या पाटल्या गहाण टाकल्यास. नाताळच्या खरेदीसाठी. कोण ते विचारू नकोस. आपल्या आळीतलीच आहे, आणि भाईंदरला सोनं ठेवून पैसे देतात त्या पेढीला लागूनच तिच्या भावाचं दुकान आहे, त्यामुळे नुसती आवई म्हणून सोडून देता येत नाही. तेव्हापासून मला धड झोप नाही. फोनच करणार होते, पण फोनवर तू ‘सगळं बरं आहे गं मावशी’ म्हणतेस आणि लगेच मुलांच्या हातात फोन देतेस. म्हणून कागद घेऊन बसले.

खोटं असेल तर माझ्यावर हवी तेवढी रागाव, मी आनंदानं ऐकून घेईन. खरं असेल तर आता माझं ऐकून घे.

जावयांची नोकरी ऑगस्टपासून नाही, हे तू सांगितलं नाहीस तरी मला कळलंय. दोन मुलांची फी, मीरा रोडच्या घराचा हप्ता, आणि वर कॅनडाची नणंद यंदा येणार. ती बॅगा भरून आणणार, पंचवीस तारखेला उत्तनच्या घरात सगळं गणगोत जमणार, एकेकाच्या हातात एकेक वस्तू पडणार, आणि त्या वेळी मोठ्या सुनेचे हात रिकामे दिसायला नकोत, हेच ना? ते मला कळतं. नणंदेसमोर कमी पडायला कुणालाच आवडत नाही. पण त्यासाठी त्या पाटल्या?

त्या कशा झाल्या ते तुला ठाऊक आहे, तरी आज पुन्हा सांगते. तुझी आई पहाटे अंधारात मोगरा खुडायची, ओल्या फडक्यात बांधायची आणि पाटी घेऊन पहिल्या गाडीनं दादरचा फुलबाजार गाठायची. गाडीत बसायला मिळालं तर मांडीवर फुलं निवडायची. त्यातून जे उरायचं ते सोनाराकडे थोडंथोडं टाकत गेली. पहिली पाटली झाली तेव्हा तू बालवाडीत होतीस, दुसरी झाली तेव्हा तुझी दहावी झाली होती. आजारपणात मी तिला म्हटलं, एक मोडू या, औषधाला होईल. तिनं हात पदराखाली घेतला आणि म्हणाली, त्या बायच्या आहेत. औषधाला मोडल्या नाहीत त्या, बाय. आणि तू त्या बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी ठेवून आलीस?

सोनं नुसतं ठेवलंय, विकलं कुठे, असं तू म्हणशील. महिना उलटला की व्याज चढतं. पैसे थकले की नोटीस येते आणि मग लिलाव. लिलावात गेलेल्या पाटल्यांच्या वजनाचं दुसरं सोनं उद्या मिळेलही, आईच्या मनगटावरच्या पाटल्या मिळणार नाहीत.

लहानपणी मी तुम्हा पोरांना धर्मशिक्षण द्यायची ते आठवतं का? येशूबाळाला मंदिरात अर्पण करायला नेलं तेव्हा मरिया आणि योसेफ यांनी काय वाहिलं? होल्यांची जोडी नाहीतर कबुतराची दोन पिल्लं, असं लूकनं लिहिलंय. नियमानं खरं तर कोकरू द्यायचं. ज्याला कोकरू परवडत नाही त्यानं दोन पाखरं द्यावीत, अशी सवलत मोशेच्या नियमशास्त्रातच होती. पवित्र कुटुंबानं गरिबाची ती सवलत चारचौघांत घेतली. कोकरासाठी कर्ज काढलं नाही. मागी लोकांनी सोनं आणलं खरं, पण त्यांनी स्वतःच्या थैल्या उघडल्या होत्या.

आता रागावणं बाजूला ठेवते आणि कामाचं सांगते.

पहिलं म्हणजे, उत्तनच्या घरात आजच चिठ्ठ्यांची गोष्ट काढ. सगळ्यांची नावं डब्यात टाकायची, ज्याला जी चिठ्ठी येईल त्यानं त्या एकालाच द्यायचं, आणि रकमेची मर्यादा आधीच ठरवायची. सासूबाईंशी तू बोल. नवऱ्याला बोलायला लावू नकोस, त्याला ते आत्ता जड जाईल. बघ, घरातल्या निम्म्या लोकांना हायसं वाटेल. तुझ्या धाकट्या दिराचं तरी यंदा कुठे बरं चाललंय?

दुसरं, घरी केलेलं म्हणजे स्वस्तच, असं समजू नकोस. फ्रूट केक करायला गेलीस तर सुका मेवा, लोणी, अंडी आणि ओव्हनची वीज मिळून दुकानातल्या केकपेक्षा महाग पडेल. हल्ली लोक घरची चॉकलेटं करतात आणि त्यांच्या डब्यावर, रिबिनीवर चॉकलेटापेक्षा जास्त खर्च करतात. जे ऋतूत आहे आणि घरात पडून आहे त्यातूनच करायचं. मेणबत्त्यांच्या नादाला तर लागूच नकोस. तापलेलं मेण पेट घेतं आणि तुझं स्वयंपाकघर दोन माणसांचं, त्यात मुलं घुटमळतात.

आत्ता पेरू स्वस्त आहेत. गोव्यात ज्याला पेराद म्हणतात ती पेरूची वडी आपण करू. दोन किलो पिकलेले पण घट्ट पेरू चिरून, बुडतील न बुडतील एवढ्या पाण्यात मऊ शिजवायचे आणि चाळणीवर घासून बिया काढायच्या. जितक्या वाट्या गर तितक्याच वाट्या साखर, दोन लिंबांचा रस, चिमूटभर मीठ. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ढवळत राहायचं. मध्येच तो फटाफट उडायला लागतो आणि चांगलाच भाजतो, म्हणून हाताला कोपरापर्यंत फडकं गुंडाळ आणि लांब दांड्याचा डाव घे. तळ सोडून गोळा फिरायला लागला की चमचाभर लोणी घालून, लोणी लावलेल्या थाळीत थापायचा. रात्रभर राहू द्यायचा, सकाळी वड्या कापायच्या. साखर कमी करायचा मोह होतो, पण साखर कमी पडली तर वडी टिकत नाही. कॉफीच्या रिकाम्या बाटल्या उकळून कोरड्या करून ठेव, नाहीतर जुन्या बिस्किटांच्या डब्यात बटर पेपर घाल. कॅनडाच्या नणंदेला यातला एक डबा आणि आगाशीकडच्या सुकेळींचं एक बंडल दे. राजेळी केळी उन्हात सुकवून वाळक्या पानात बांधलेली, तशीच दे, वर चकचकीत कागद लावू नकोस. तिला तिथे सगळं मिळतं, हे मिळत नसेल.

दिराच्या बाळाला नवा फ्रॉक घेऊ नकोस. तान्ह्या मुलाच्या अंगाला नवं कापड टोचतं. एवढी वर्षं वॉर्डात काढून सांगते. तुझ्या आईच्या दोन सुती साड्या माझ्या कपाटात आहेत, धुऊन धुऊन साय झाल्या आहेत. त्यांची दोन पदरी दुपटी होतील. कडेनं धावदोरा घातला की झालं.

सासऱ्यांना काय द्यायचं ते मी ठरवून ठेवलंय. त्यांच्या गोळ्यांचा घोळ होतो असं तूच सांगितलं होतंस. काड्यापेटीच्या चौदा रिकाम्या पेट्या एकमेकींना चिकटव, सात वार, वरची ओळ सकाळची आणि खालची रात्रीची. वरून कागद लावून मोठ्या अक्षरात वार लिही, आणि ओढायला प्रत्येकीला मणी शिव. गोळ्या मात्र पाकिटातून फोडून ठेवू नकोस, पट्टीचे तुकडे कापून घाल आणि टोकदार कोपरे गोल कर. दर रविवारी तुझ्या थोरल्यानं जाऊन ते कप्पे भरायचे, हीच त्याची आजोबांना भेट. त्याला ते आवडेल, जबाबदारीचं काम दिलं की तो कसा ताठ चालतो!

शेजारपाजाऱ्यांसाठी करवंट्यांत गहू नाहीतर नाचणी पेरू. रात्री भिजवायची, दुसऱ्या दिवशी भुसभुशीत मातीत दाट पेरायची, वर पाण्याचा हलका शिडकावा. तेरा तारखेला पेरलं की चोवीसला चांगलं बोटभर हिरवं उभं राहतं. ज्याच्या त्याच्या नाताळच्या गोठ्यात मेंढरांपुढे ठेवायला एकेक करवंटी. धाकटीच्या हातून वाटू दे. खर्च शून्य.

आणि जावयांना रिकामं बसवू नकोस. लग्नाआधी त्यानं आपल्या अंगणात चांदणी बांधली होती, तिची आठवण अजून लोक काढतात. पाच काड्यांची एक चांदणी, तशीच दुसरी, दोन्हींची टोकं एकमेकींना बांधायची आणि आतल्या पाच सांध्यांत बोटभर काड्या आडव्या बसवायच्या, म्हणजे ती फुगते. पतंगाचा कागद आणि खळ. उत्तनच्या दारावर यंदा त्यानं बांधलेली लागू दे. ऑगस्टपासून त्याच्या हातून काही झाल्याचं कुणी पाहिलेलं नाही, त्यानं स्वतःनंही नाही. एवढंच मी त्याच्याविषयी बोलते.

तू म्हणशील, मावशीला काय, ती कुवेतहून ट्रंका भरून आणायची. आणायची खरी. अत्तरं, ब्लँकेटं, दुधाच्या पावडरीचे डबे. आता त्यातलं एक तरी कुणाच्या घरात दिसतं का? पण १९९० सालचा नाताळ तुला ठाऊक नाही. २ ऑगस्टला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं आणि आम्ही नर्सेस होतो तशा निघालो. बगदाद, मग जॉर्डनची सरहद्द, तिथल्या तंबूंतले दिवस, अम्मानहून विमान. मुंबईत उतरले तेव्हा माझ्याकडे खांद्यावरची पर्स होती. ट्रंक तिकडेच राहिली, आणि त्यात निर्मळच्या आजीसाठी घेतलेली लोकरीची शाल होती. तिला मी पत्रातून कळवलं होतं, नाताळला शाल आणते म्हणून.

त्या नाताळला मी निर्मळला गेले नाही. दरसाल आणणारी मी, रिकाम्या हातानं कशी जाऊ? डोकं दुखतंय म्हणून घरी पडून राहिले. तुझी आई एकटी गेली, हातात परसातली चार अंडी घेऊन. परत आल्यावर म्हणाली, आजी दुपारभर दाराकडे बघत होती, शालीचं नावही काढलं नाही, पोरगी जिवंत आली ती दाखवा म्हणत होती. पुढच्या पावसाळ्यात आजी गेली. मी दहा मिनिटांवर राहत होते, बाय.

म्हणून त्या पाटल्यांचं ऐकल्यावर माझा जीव असा खालीवर झाला. सोन्याचं दुःख आहेच, पण त्याहून मला भीती वाटली ती तुझी. कमी पडू म्हणून तू आधी गहाण टाकायला शिकशील, मग पैसे संपले की माणसांत जाणंच टाळशील. हल्ली तू रविवारी इकडे येईनाशी झालीस. काही आणता येत नाही म्हणून का? माझ्या घरी?

फार बोलले. पत्राच्या सुरुवातीला खेळण्यांबद्दल लिहिलं ते जरा लागेल तुला, पण खोडत नाही. मुलांना काही चकचकीत मिळावं असं आईला वाटणारच. दोघांना एकेक खेळणं दुकानातलं घे, ते माझ्याकडून. बाकी सगळं आपण हातानं करू. आणि सासूबाईंसाठी काही शोधू नकोस; त्यांच्याजवळ बसून त्यांच्या हातचं कालवण, लोणचं, फुग्याचं प्रमाण एका वहीत लिहून घे आणि तीच वही त्यांच्या नावानं सगळ्यांसमोर वाच. त्या काय म्हणतात ते मला सांग.

आता पाटल्यांचं. किती रक्कम उचललीस ते कुणाला सांगू नकोस, जावयांना ठाऊक नसेल तर त्यालाही आत्ता नको. पावती घेऊन ये. माझ्या पेन्शनीतलं बाजूला पडलेलं आहे, तेवढ्यात भागेल. नाही भागलं तर निम्मे आत्ता भरू आणि निम्मे ईस्टरपर्यंत. हे उसने नाहीत, आणि परत करायचं नावही काढू नकोस. तुझ्या बाप्तिस्म्याला मेणबत्ती धरून मी उभी होते, ती कशाला?

शनिवारी, तेरा तारखेला ये, मुलांनाही आण. पेरू, गहू, काड्या सगळं मी आणून ठेवते, तू फक्त रिकाम्या बाटल्या आण. आणि त्याही राहिल्या तर राहू देत. स्टेशनवरून रिक्षा कर, धाकटीला चालवत आणू नकोस, तिचा खोकला अजून गेलेला नाही. दुपारी बोंबलाचं कालवण करते. तुझ्या आईच्या हातची चव त्याला येत नाही, पण तू दोनदा मागून घेतेस ते मला बघायचंय.

तुझीच,
मावशी