लेहला निघण्याआधी सिकलसेलचे कार्ड पाहा

मागच्या महिन्यात वस्तीतील एक ताई आमच्याकडे आल्या. त्यांचा मुलगा मित्रांसोबत लेह-लडाखच्या सहलीला निघाला होता. ताई म्हणाल्या, "मुलगा सिकलसेलचा वाहक आहे, पण त्याला कधी काही झालं नाही. थंडीसाठी कोणती गोळी देऊ?" आम्ही म्हटले, "ताई, थंडीचं नंतर पाहू. आधी उंचीचं बोलू."

आता आपल्या वस्त्यांमधूनही लडाखच्या गुंफा पाहायला लोक जातात. काही मुले सैन्यात भरती होऊन तिकडे जातात. म्हणून हा विषय प्रत्येक घराने समजून घ्यावा.

उंचीवर नेमके काय बदलते? पृथ्वी जशी आपल्याला खाली ओढते, तशी हवेलाही ओढते. घरात गोधड्यांची चळत रचली की सर्वांत खालची गोधडी दबून घट्ट होते, वरची मोकळी राहते. हवेचे तसेच आहे. खाली दाट, वर विरळ. हवेतील प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे सारखेच, सुमारे २१ टक्के असते. पण हवाच विरळ असल्याने एका श्वासात मिळणारा प्राणवायू कमी होतो. लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. खारदुंगला खिंडीत तो जवळपास निम्म्यावर येतो.

उंचावर आपले वजन कमी होते का, असेही काही जण विचारतात. होते, पण नावापुरते. साठ किलोच्या माणसाचे लेहमध्ये साठ-पासष्ट ग्रॅम कमी भरेल. त्याने शरीराला काही फरक पडत नाही. त्रास होतो तो विरळ हवेचा.

हा त्रास साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होतो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे आहे. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांनी हा त्रास कधी अनुभवलेलाच नसतो. गडावर धावत चढणारा तरुणही लेहमध्ये आडवा पडू शकतो. तब्येत चांगली आहे म्हणून उंची कोणाला सोडत नाही.

पहिली लक्षणे अशी: डोकेदुखी, मळमळ, भूक नसणे, चक्कर, थकवा, झोप न लागणे. एवढ्यावर थांबून विश्रांती घेतली तर बहुधा एक-दोन दिवसांत बरे वाटते. पण बसल्या जागी दम लागणे, सतत खोकला, गुलाबी फेसाळ थुंकी, चालताना तोल जाणे, असंबद्ध बोलणे ही धोक्याची लक्षणे आहेत. फुप्फुसात पाणी भरत असते किंवा मेंदूला सूज येत असते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. प्राणवायू द्यावा, दवाखाना गाठावा आणि रुग्णाला लवकरात लवकर खाली आणावे.

आता सिकलसेलविषयी. विदर्भात आपल्या समाजात हा आजार बराच आढळतो. प्राणवायू कमी पडला की सिकलसेलच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. म्हणून एसएस रुग्णाने आपल्या डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय एवढ्या उंचीवर जाऊच नये. वाहकाला, म्हणजे एएस व्यक्तीला, एरवी त्रास नसतो. तो आजारी नाही. मात्र उंचीवर काही वाहकांच्या प्लीहेचा रक्तपुरवठा अडल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. हे क्वचित घडते, पण घडते. डाव्या बरगडीखाली अचानक जोराची कळ आली, सोबत उलटी किंवा ताप असला, तर गॅस समजून सोडा पिऊन झोपू नये. दवाखान्यात जावे आणि "मी सिकलसेलचा वाहक आहे" हे आधी सांगावे. तिथल्या डॉक्टरांना आपल्याकडे पाहून ते कळणार नाही.

जाणाऱ्यांनी एवढे पाळावे:

१. तपासणी झालेली नसेल तर जाण्याआधी सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. कार्ड सोबत ठेवावे.

२. थेट विमानाने लेहला उतरल्यास पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. सहलवाले दुसऱ्याच दिवशी खारदुंगला दाखवायला नेत असतील तर नकार द्यावा. रस्त्याने जायचे तर श्रीनगरहून कारगिलला मुक्काम करत जाणे शरीराला सोपे पडते.

३. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. त्रास होत असताना आणखी वर जाऊ नये.

४. पाणी पुरेसे प्यावे. दारू, विडी-सिगारेट आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात.

५. उंचीच्या त्रासावरची गोळी मित्राकडून घेऊन खाऊ नये. डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

६. गरोदर भगिनी, हृदयाचे किंवा दम्याचे रुग्ण आणि रक्त कमी असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

त्या ताईंच्या मुलाचे कार्ड पेटीत तळाशी होते. चार वर्षांपूर्वी शाळेत तपासणी झाली तेव्हापासून कोणी ते उघडून पाहिले नव्हते. आता ते त्याच्या पाकिटात आहे, आणि सोबतच्या दोन मित्रांनाही त्याने सांगून ठेवले आहे. आपल्या घरातील कार्ड कुठे आहे, ते आजच शोधून ठेवावे.