नदीतील शिंपला आणि मोरचूद

नदीचे पाणी चांगले की वाईट हे आपण बहुधा दोन गोष्टींवरून ठरवितो : ते डोळ्यांना निवळ दिसते काय, आणि पिण्यास चालते काय. ह्या दोन्ही कसोट्यांस उतरलेले पाणी नदीतील सर्व जीवांना मानवेल, असा आपला समज असतो. तो बरोबर नाही, हे गोड्या पाण्यातील शिंपल्यावरून कळून येते.

आपल्या नद्यातळ्यांत लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस ह्या जातीचे शिंपले पुष्कळ ठिकाणी आढळतात. भुवनेश्वर येथील केंद्रीय मत्स्यसंशोधन संस्थेने गोड्या पाण्यातील मोती पिकविण्यासाठी जे शिंपले वापरले, त्यांत ही जात आहे. शिंपला तळाच्या चिखलात अर्धा रुतून बसतो, पाणी आत ओढतो, कल्ल्यांवर अडकलेले शेवाळाचे सूक्ष्म कण खातो आणि निवळलेले पाणी बाहेर सोडतो. असा तो दिवसाकाठी कित्येक लिटर पाणी गाळतो.

परंतु गाळताना पाण्यातील धातूही त्याच्या अंगी लागतात. पाणी बिघडले तर मासा दूर पळतो. शिंपल्याला ते शक्य नसते. तो शिंपा मिटून घेतो खरा, पण मिटलेल्या अवस्थेत त्याला खाता येत नाही, म्हणून कधीतरी उघडावाच लागतो. पोलंडमध्ये वॉर्सा शहराच्या पाणीपुरवठ्यात ह्याच सवयीचा उपयोग करून, आठ शिंपल्यांस यंत्र जोडून पाण्यावर पहारा ठेवला जातो.

आत शिरलेला प्रत्येक धातू वेगळी खोडी काढतो. तांबे कल्ल्यांतून मीठ शोषण्याची क्रिया बिघडविते. कॅडमियम कॅल्शियमच्या वाटेने आत घुसते. शरीरातील काही प्रथिने ह्या धातूंना बांधून ठेवतात, म्हणून मोठा शिंपला बराच काळ तग धरतो. खरा घात होतो तो पिल्लांचा.

शिंपल्याच्या अळ्या डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढ्या असतात. बहुतेक जातींच्या अळ्या माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात आणि मग तळाशी गळून पडतात. पुढे पिल्ले चिखलातच पुरून राहतात. धातूंचा साका बसतो तोही तेथेच. अमेरिकेतील अनेक जातींवर केलेल्या प्रयोगांत, एका लिटरमध्ये १० ते ५० मायक्रोग्रॅम इतके तांबेही कित्येक अळ्यांना व पिल्लांना घातक ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने माणसाच्या पिण्याच्या पाण्यात तांब्याची मर्यादा २००० मायक्रोग्रॅम ठरविली आहे. म्हणजे जे पाणी आपण निर्धास्तपणे प्यावे, तेच ह्या पिल्लांना विष ठरू शकते. पाण्यात चुन्याचा किंवा कुजलेल्या पाल्याचा अंश अधिक असेल तर तांब्याचा जोर कमी होतो, एवढाच काय तो दिलासा.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील क्लिंच नदी शिंपल्यांच्या विविध जातींसाठी प्रसिद्ध आहे. तिच्या काठी कार्बो येथील वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्याचा बांध १९६७ साली फुटला. १९७० साली तेथूनच आम्ल नदीत सांडले. मासे आणि शिंपले मोठ्या संख्येने मेले. पुढे मासे परतले, पण केंद्राच्या खालच्या पात्रात शिंपले वर्षानुवर्षे रुजले नाहीत. केंद्राच्या सांडपाण्यातून सतत थोडे थोडे येणारे तांबे हे त्याचे एक कारण असल्याचे अभ्यासकांना आढळले. एकदाच आलेल्या मोठ्या संकटाइतकीच ही रोजची थेंबभर भर वाईट, हा त्यातील धडा होय.

हा धडा आपल्याही अंगणातला आहे. गोव्यात व शिरसीकडे सुपारीच्या बागांत कोळेरोगावर मोरचूद आणि चुना ह्यांचे बोर्डो मिश्रण फवारतात. मोरचुदात सुमारे चौथा हिस्सा तांबे असते. हिशेब करून पाहू : १० ग्रॅम मोरचुदात अडीच ग्रॅम तांबे, आणि ते एक लाख लिटर पाण्यात मिसळले तरी लिटरला २५ मायक्रोग्रॅम येते. त्यातले बरेचसे चिखलाला चिकटेल हे खरे. परंतु पिल्ले राहतात ती चिखलातच.

फवारणी बंद करा असे आम्ही म्हणत नाही. बाग जगली पाहिजे. पण मिश्रण ओढ्यापासून दूर कालवावे, उरलेले झाडांवरच संपवावे, पंप व पिंपे वाहत्या पाण्यात धुऊ नयेत. शेवाळ मारण्यासाठी तळ्यात मोरचूद टाकण्याचा मोह आवरावा. जुन्या बॅटऱ्या नाल्यात टाकू नयेत. एवढे आपल्या हातचे आहे.

नदीत मोठे शिंपले दिसले म्हणजे सारे कुशल आहे, असे समजू नये. शिंपला पुष्कळ वर्षे जगतो. घरात वडीलधारी मंडळी दिसावीत, पण कित्येक वर्षांत पाळणा हललेला नसावा, अशी त्या नदीची स्थिती असू शकते. म्हणून पाणी ओसरल्यावर मुलांना नदीकाठी न्यावे, बोटाच्या पेराएवढे जिवंत शिंपले सापडतात का ते पाहावे, आणि सापडल्यास जेथल्या तेथे परत ठेवावे. सापडले तर ती नदी पुढची पिढीही पोशीत आहे असे समजावे.