शेजारची भाषा कशी शिकावी ?

भाषाशिक्षणाच्या शास्त्रात तीन संज्ञा वारंवार येतात : मातृभाषा, दुसरी भाषा आणि परकी भाषा. मातृभाषा घरात, न शिकवता येते. परकी भाषा आपल्या समाजात कोणी बोलत नाही. ती वर्गातच ऐकावी लागते आणि वर्ग सुटला की तीही सुटते. बेळगावात जर्मन किंवा जपानी शिकणाऱ्याची गोष्ट अशी आहे. दुसरी भाषा मात्र या दोहोंच्या मधली. ती आपली नसते, पण आपल्या भोवती असते. बाजारात, बसस्थानकावर, दवाखान्यात, कचेरीत ती आपली वाट पाहत उभी असते.

आपल्या भागात मराठी विद्यार्थ्याला कन्नड आणि कन्नड विद्यार्थ्याला मराठी ही या अर्थाने दुसरी भाषा आहे. तरीही आपण ती परकी भाषा शिकवावी तशी शिकवतो. परिणाम सर्वांच्या परिचयाचा आहे. भाजीवाल्या मावशीशी कन्नडात घासाघीस करणारा मराठी मुलगा बँकेचा कन्नड अर्ज समोर आला की गप्प होतो. शाळेत वर्षानुवर्षे तो विषय असतो, उत्तीर्णही होतो, पण त्याचे कन्नड बाजाराच्या पलीकडे जात नाही. नोकरीच्या मुलाखतीत किंवा घरातल्या आजारी माणसाला घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्यावर त्याची किंमत त्याला मोजावी लागते. दोष त्याच्या बुद्धीचा आहे की आपल्या शिकवण्याच्या रीतीचा, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

मी मराठी मातृभाषेचा. कन्नड शिकलो ते पंचविशी उलटल्यावर. गेली काही वर्षे दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना एकमेकांची भाषा फावल्या वेळात शिकवतो. पुढील विवेचनातील उदाहरणे बहुतेक त्या वर्गांतली आहेत.

पद्धतींचा धावता इतिहास

सर्वांत जुनी ती व्याकरण-भाषांतर पद्धती. नियम पाठ करावा, शब्दांची यादी पाठ करावी आणि वाक्यांचे इकडून तिकडे भाषांतर करावे. डॉ. रा. गो. भांडारकरांच्या संस्कृत पाठ्यपुस्तकांनी आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी माणसाच्या कित्येक पिढ्यांना याच वाटेने संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. ग्रंथ वाचण्यासाठी ही पद्धती समर्थ आहे. बोलण्यासाठी ती अपुरी पडते. हे जुन्या लोकांनाही ठाऊक असावे, कारण विल्यम कॅरीने 1805 साली श्रीरामपूरहून मराठीचे व्याकरण छापले तेव्हा त्याला नित्याच्या विषयांवरील संवादही जोडले होते. याच कॅरीने 1817 साली कन्नडाचेही व्याकरण प्रसिद्ध केले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात प्रत्यक्ष पद्धती पुढे आली. तिचा आग्रह असा की वर्गात मातृभाषेचा एकही शब्द उच्चारू नये. वस्तू दाखवावी, कृती करावी आणि नव्या भाषेतच बोलावे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला आपले सैनिक परक्या भाषांत झटपट तयार करायचे होते. त्या गरजेतून आणि वर्तनवादी मानसशास्त्रातून श्रवण-भाषण पद्धती वाढली : वाक्याचा एक साचा घ्यावा आणि सवय लागेपर्यंत तो घोकावा. भाषा ही केवळ सवय आहे या कल्पनेवर नोम चॉम्स्की यांनी 1959 साली कठोर टीका केली. माणूस कधीही न ऐकलेली वाक्ये बोलतो, ती घोकंपट्टीतून येणे शक्य नाही, असा तिचा रोख होता. पुढे 1970 नंतर संज्ञापनावर भर आला. वाक्य शुद्ध असणे पुरेसे नाही, ते कोणाशी, कोठे आणि कशासाठी बोलायचे हेही कळले पाहिजे, असे डेल हाइम्स आदी अभ्यासकांनी मांडले.

आपल्या दृष्टीने सर्वांत जवळचा प्रयोग बंगळूरचा आहे. डॉ. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातील काही साध्या, गर्दीच्या वर्गांच्या शाळांत इंग्रजी वेगळ्या रीतीने शिकवून पाहिले. व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून त्यांनी मुलांपुढे कामे ठेवली : रेल्वेचे वेळापत्रक पाहून गाडी निवडा, नकाशावरून रस्ता सांगा, दिलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढा. मन अर्थाकडे गुंतलेले असताना भाषेची घडण नकळत मनात रुजते, हे त्यामागचे सूत्र. या प्रयोगाच्या मूल्यमापनावर पुढे मतभेद झाले. परंतु अपुरी साधने आणि मोठे वर्ग असतानाही काम देऊन शिकवता येते, हे त्याने दाखवले. प्रभूंनीच 1990 साली एका लेखात असे मांडले की सर्वोत्तम अशी एकच पद्धती नसते. आपण करतो आहोत त्याने शिकणे कसे घडते याची शिक्षकाला असलेली जाणीव महत्त्वाची.

ही जाणीव आपल्याकडे कोठून यावी ? माझे उत्तर असे : दोन्ही भाषांच्या व्याकरणाच्या शेजारातून.

एकाच साच्याच्या दोन भाषा

मराठी आर्य कुळातील आणि कन्नड द्राविड कुळातील, हे आपण पाठ करतो आणि त्यामुळे दोन्हींमध्ये मोठी दरी आहे असे समजतो. शब्दांपुरते ते खरे आहे. वाक्याच्या घडणीकडे पाहिले की दरी बरीच बुजलेली दिसते.

‘मला कन्नड येते’ याला कन्नडात ‘ननगे कन्नड बरुत्तदे’ म्हणतात. ‘ननगे’ म्हणजे ‘मला’ आणि ‘बरुत्तदे’ म्हणजे ‘येते’. इंग्रजीत माणूस भाषा ‘जाणतो’. आपल्या दोघांकडे भाषा माणसाकडे ‘येते’. निरोप घेताना आपण ‘जाऊन येतो’ म्हणतो, कन्नड माणूस ‘होगि बरुत्तेने’ म्हणतो. ‘करून बघ’ म्हणजे ‘माडि नोडु’. ‘पाहिजे’ला ‘बेकु’ आणि ‘नको’ला ‘बेड’ हे जोड तर इतके नेमके आहेत की ‘नको’साठी हिंदीत एकच शब्द शोधणाऱ्याने हेवा करावा. ‘नाही’ आणि ‘नव्हे’ यांतला भेद आजची मराठी विसरत चालली आहे, पण कन्नडात तो ‘इल्ल’ आणि ‘अल्ल’ या रूपांनी जिवंत आहे. ‘तो घरात नाही’ येथे ‘इल्ल’. ‘तो वैद्य नव्हे’ येथे ‘अल्ल’. कन्नड शिकताना आपल्याच जुन्या ‘नव्हे’ची अशी पुन्हा ओळख होते.

हे सारखेपण योगायोगाचे नाही. सांगलीजवळच्या कुपवाड गावातील बोलींचा जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास 1971 साली प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या भाषाविज्ञानात गाजला. त्या गावात कन्नड, मराठी, उर्दू आणि थोड्या प्रमाणात तेलुगू बोलली जाई. पिढ्यान्‌पिढ्या लोक एकमेकांच्या भाषा वापरत आल्यामुळे तेथील बोलींचे शब्द आपापले राहिले, पण वाक्याची घडण इतकी एक झाली की एका बोलीतील वाक्याचे दुसरीत शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करता येई. हे कोणत्याही शाळेत घडले नाही. शेतावर, दुकानात आणि चावडीवर घडले.

यावरून पहिला निष्कर्ष निघतो. प्रत्यक्ष पद्धतीने मातृभाषेला वर्गाबाहेर उभे केले ते आपल्या वर्गाला मानवणारे नाही. कन्नड शिकणाऱ्या मराठी मुलाजवळ निम्मी वाक्यरचना आधीच आहे. ती त्याच्या हाती आहे हे त्याला सांगणे, हा पहिला धडा असावा. जाणाऱ्याला रस्ता ओळखीचा वाटला की पाय आपोआप उचलतात.

जेथे पाय अडखळतो

सारखेपणाइतकेच भेद महत्त्वाचे आहेत. सुदैवाने अडखळण्याच्या जागा मोजक्या आणि आधी सांगता येण्याजोग्या आहेत.

कन्नड विद्यार्थ्याला मराठीत सर्वांत मोठी अडचण लिंगाची. चहा गार झाला, साखर संपली, दूध उतू गेले. चहा पुल्लिंगी का आणि साखर स्त्रीलिंगी का, याला अर्थाचे कारण नाही. कन्नडात पुरुष ‘अवनु’, स्त्री ‘अवळु’ आणि निर्जीव वस्तू ‘अदु’, असा अर्थावरून विचार होतो. म्हणून ‘चहा आरितु, सक्करे मुगियितु, हालु उक्कितु’ अशी तिन्ही क्रियापदे एकाच ‘तु’ने संपतात. कन्नड मुलगी ‘साखर संपले’ म्हणते तेव्हा ती निष्काळजीपणा करत नसते. वस्तूला वस्तूचे लिंग देण्याचा आपल्या भाषेचा शहाणा नियम ती पाळत असते.

दुसरी जागा भूतकाळाची. ‘मी भाकरी खाल्ली, मी आंबा खाल्ला’ येथे मराठी क्रियापद कर्माच्या मागे जाते. ‘नानु रोट्टि तिंदे’ या कन्नड वाक्यात ते कर्त्याशी इमान राखते. म्हणून ‘मी भाकरी खाल्लो’ हे वाक्य जन्मते. गंमत अशी की आपल्या सीमाभागातील मराठी मातृभाषेची माणसेही ‘मी काम केलो’ असे सहज म्हणतात. पुण्याकडच्या पाहुण्याला त्याचे हसू येते. पण दोन भाषांच्या शेजाराने घडवलेले ते रूप आहे. लेखी मराठीत ‘मी काम केले’ लिहावे हे शिकवावेच. मात्र ‘केलो’ म्हणणाऱ्याला अडाणी ठरवू नये.

आता उलट बाजू पाहू. मराठी विद्यार्थ्याला कन्नडात पहिला अडथळा ऱ्हस्व ‘ए’ आणि ऱ्हस्व ‘ओ’ यांचा. मराठी लिपीत त्यांना वेगळे चिन्ह नाही, त्यामुळे कान त्यांच्याकडे लक्ष देत नाही. ‘बेळे’ यातला पहिला ‘ए’ आखूड उच्चारला तर ‘पीक’, लांबवला तर ‘डाळ’. ‘कोडु’तला ‘ओ’ आखूड असेल तर ‘दे’, लांब असेल तर ‘शिंग’. येथे नियम सांगून भागत नाही, कान तयार करावा लागतो. श्रवण-भाषण पद्धतीतील जोडशब्दांचा सराव अशा ठिकाणी खरोखर कामाला येतो.

दुसरा अडथळा ‘जो-तो’च्या वाक्यांचा. ‘जो मुलगा काल आला तो’ असे मनात जुळवून मराठी विद्यार्थी त्याचे कन्नड करू लागला की गुंतून पडतो. त्याने आधी मराठीतच ‘काल आलेला मुलगा’ असे म्हणून पाहावे. ‘निन्ने बंद हुडुग’ समोर उभा राहतो. शिवाय आपल्याकडे आलेला मुलगा, आलेली मुलगी, आलेले पत्र असे तीन बदल होतात. कन्नडात तिन्हीकडे ‘बंद’ कायम.

तिसरी जागा ओळखीच्या शब्दांची. ‘अवसर’ म्हणजे कन्नडात घाई, ‘अनुमान’ म्हणजे शंका. शब्द आपला वाटतो म्हणूनच तो फसवतो.

लिपीची भीती मात्र अकारण आहे. वर्णमालेचा क्रम तोच आहे, ‘ळ’ही तेथे आहे. जोडाक्षरात आपण बहुधा पहिले अक्षर अर्धे करतो, कन्नडात दुसरे अक्षर खाली उतरते. रोज अर्धा तास दुकानांच्या पाट्या वाचल्या तर काही आठवड्यांत अक्षरे ओळखीची होतात.

चुकीकडे पाहण्याची दृष्टी

एस. पी. कॉर्डर यांनी 1967 साली असे दाखवून दिले की शिकणाऱ्याची चूक हा त्याच्या मनात चाललेल्या नियमशोधाचा पुरावा असतो. लॅरी सेलिंकर यांनी 1972 साली यापुढे जाऊन म्हटले की शिकणारा मातृभाषा आणि नवी भाषा यांच्यामध्ये स्वतःची अशी एक मधली भाषा उभारतो आणि तिलाही व्याकरण असते. ‘साखर संपले’ हे त्या मधल्या भाषेतले शुद्ध वाक्य आहे. चूक ऐकून वर्ग हसला की ही मधली भाषा तेथेच थिजते, कारण विद्यार्थी बोलणेच सोडतो. माझ्या वर्गात चुका फळ्यावर लिहिल्या जातात आणि ‘हा नियम कोणत्या भाषेचा ?’ एवढाच प्रश्न विचारला जातो. उत्तर बहुधा शेजारच्या बाकावरून येते.

एक साधी योजना

वरील सर्व पद्धतींतून आपल्याला उपयोगी ते घेऊन एक तास असा आखता येईल. दोन मराठी आणि दोन कन्नड विद्यार्थ्यांचा गट करावा. एका जोडीजवळ बसचे वेळापत्रक, दुसरीजवळ प्रवाशाची अडचण : सकाळी दहाला धारवाडला पोहोचायचे आहे, बरोबर आजी आहे. अर्धा तास सर्व बोलणे कन्नडात. पुढच्या आठवड्यात तसेच काम मराठीत. शेवटची दहा मिनिटे व्याकरणाची, आणि तीही केवळ त्या दिवशी जेथे पाय अडखळला त्या जागेपुरती. पुढे हळूहळू बँकेचा अर्ज, दवाखान्याचा कागद, वर्तमानपत्रातील बातमी आणि अखेरीस कथा. दर आठवड्याला शिक्षक बदलतो, विद्यार्थी बदलतो. त्यामुळे कोणी कायमचा वरचढ राहत नाही आणि कोणी कायमचा खाली राहत नाही.

येथे एक शंका नेहमी विचारली जाते. शेजारची भाषा चांगली आली तर आपली पुसली जाईल काय ? सीमाभागात हा प्रश्न पोकळ नाही, त्यामागे अनेक घरांची वेदना आहे. भाषा सक्तीने लादली जाते तेव्हा मन मिटते, हे मला मान्य आहे. पण सक्तीवरचा राग भाषेवर काढला तर तोटा आपलाच. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरात मराठी बोलत वाढले आणि कन्नडाचे थोर कवी झाले; 1973 च्या ज्ञानपीठ पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. त्यांनी मराठीतही लेखन केले. मनात दुसऱ्या भाषेसाठी जागा केली म्हणून पहिलीला घर सोडावे लागत नाही. उलट ‘अल्ल’ शिकणाऱ्याला ‘नव्हे’ची आठवण होते, हे आपण वर पाहिलेच.

आपल्या या अंकाला मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. आपापला विभाग वाचून अंक मिटण्याची आपली सवय आहे. विद्यार्थिमित्रहो, या वर्षी एवढे करा : दुसऱ्या विभागातील एखादी छोटी कविता किंवा लेखाचा एक परिच्छेद निवडा, वर्गातल्या त्या भाषेच्या मित्राकडे जा आणि तो त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. बदल्यात त्याला इकडचा एक परिच्छेद वाचून दाखवा. प्राध्यापकांची परवानगी त्यासाठी लागत नाही, आणि वेळापत्रकात तास मिळेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही.