दट्ट्याला किती जागा द्यावी?

जुन्या ३५० सी.सी. बुलेटचे इंजिन तसे साधे. बिडाचे एकच सिलिंडर, आतला व्यास ७० मि.मी.; त्यात ९० मि.मी. वरखाली होणारा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा दट्ट्या, म्हणजे पिस्टन. हौशी मंडळी हे इंजिन घरीच खोलतात. नवा पिस्टन आणला की शेजारचे कोणीतरी सांगतेच, "चांगला घट्ट बसव, आवाज येता कामा नये." हा सल्ला पाळला तर इंजिन तापताच जाम होते. गाडी वेगात असेल तर मागचे चाक जागीच अडकते आणि स्वार रस्त्यावर फेकला जातो. मग जागा ठेवावी तरी किती?

उत्तर तुमच्या उष्णतेच्या प्रकरणात आहे. पिस्टनच्या मिश्रधातूचा रेषीय प्रसरणांक दर अंश सेल्सियसला सुमारे ०.००००२०, तर बिडाचा ०.००००११. पिस्टनचा खालचा भाग ३० अंशांवरून १५० अंशांवर गेला असे धरू. त्याचा व्यास ७० × ०.००००२० × १२० = ०.१६८ मि.मी.ने वाढेल. सिलिंडरला बाहेरून हवा लागते. ते ११० अंशांपर्यंतच तापले असे समजू. त्याची वाढ ७० × ०.००००११ × ८० = ०.०६२ मि.मी. (तापल्यावर भोक आकसते, असे उत्तर वर्गात दरवर्षी ऐकू येते. भोकही मोठेच होते.) वजाबाकी ०.१०६ मि.मी. म्हणजे थंड असताना व्यासात साधारण वहीच्या कागदाच्या जाडीएवढा फरक हवाच. आपण धरलेली तापमाने अंदाजाची आहेत. प्रत्यक्षात निर्मात्याच्या पुस्तिकेतला आकडाच पाळावा.

पिस्टन मायक्रोमीटरने मोजावा. याचा पेच एका फेऱ्यात ०.५ मि.मी. सरकतो आणि चकतीवर ५० भाग असतात, म्हणून लघुतम माप ०.०१ मि.मी. प्रयोगशाळेतला बहुधा २५ मि.मी.पर्यंतच मोजतो, इथे ५० ते ७५चा लागेल. पिस्टन पूर्ण गोल नसतो आणि वर किंचित निमुळता असतो, म्हणून माप खालच्या बाजूला, पिनेच्या दिशेशी काटकोनात घ्यावे.

सिलिंडरची झीज मोजणे अवघड. कॅलिपरच्या पडद्यावर ०.०१ दिसते, पण आतल्या मापासाठी त्यावर भरवसा ठेवू नये. त्यापेक्षा एक सुरेख युक्ती आहे. सिलिंडर उतरवून पिस्टनची एक रिंग खालच्या तोंडातून आत सरकवा. जिथे रिंगा पोहोचतच नाहीत, तो भाग जवळजवळ न झिजलेला असतो. रिंग तिरपी राहू नये म्हणून पिस्टनने ढकला आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजच्या पात्यांनी मोजा. मग तीच रिंग वरच्या भागात ठेवून फट पुन्हा मोजा. रिंग वरच्या टोकाला क्षणभर थांबून उलटते, तिथे तेलाचा थर पातळ आणि वायूचा दाब जास्त. झीजही तिथेच सर्वांत अधिक.

खाली ०.३० आणि वर ०.७७ मि.मी. फट आली असे समजा. व्यास वाढला की परीघ ३.१४ पट वाढतो आणि रिंगची लांबी तर तीच आहे. म्हणून झीज ०.४७ ÷ ३.१४ = ०.१५ मि.मी. साधी रिंग आपल्यासाठी तिप्पट मोठे करून दाखवणारे यंत्र झाली! अनुभवी मिस्त्री वरची कडा नखाने चाचपून हेच ओळखतो. मला त्याच्या नखाचे नेहमीच कौतुक वाटते. मात्र सिलिंडर लंबगोल झाले आहे का, हे रिंग सांगत नाही. त्यासाठी बोअर गेजच हवा.

मूळची ०.११ आणि झिजेची ०.१५ मिळून फट ०.२६ झाली. आता बोअरिंग करावे लागणार. पण आधी मोठ्या मापाचा पिस्टन आणा, तो कारखान्यात घेऊन जा आणि त्याच्या प्रत्यक्ष मापात फट मिळवून तेवढेच भोक करून घ्या. डब्यावर छापलेल्या आकड्यावरून बोअर करू देऊ नका. परत आलेले सिलिंडर साबणाच्या पाण्याने, पांढरे फडके आतून फिरवल्यावर स्वच्छ निघेपर्यंत धुवा आणि लगेच तेल लावा, कारण उघडे बीड फार लवकर गंजते.