चष्मा घेताना आधी अंतर मोजा



वाचायच्या चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो ते उगीच नाही. त्या वयाच्या आसपास डोळ्यातले भिंग ताठर होत जाते व जवळचे अक्षर पुसटते. हा रोग नव्हे, वयाचा धर्म आहे. मग वजनकाट्याची पावती हात लांब करून वाचायची आणि फवारणीच्या औषधाचे प्रमाण अंदाजाने ओतायचे! त्यात पीकही जाते आणि जिवालाही धोका.

चष्म्याचा नंबर म्हणजे अंतराचा हिशेब. लांबची नजर चांगली, पण वयाने जवळचे दिसेनासे झाले, अशा माणसाला २ नंबरच्या काचेतून सुमारे ५० सेंटिमीटरवरचे स्वच्छ दिसते, अडीचमधून ४० वरचे. त्यापलीकडचे धूसर. पावती, पोथी आपण ३५-४० सेंटिमीटरवर धरतो. संगणक त्याहून लांब, ५० ते ७० वर असतो. म्हणून त्याला वाचायच्यापेक्षा कमी नंबर लागतो. वाचायचा चष्मा लावून मोटारसायकल तर मुळीच चालवू नये.

बायफोकलमध्ये वरून लांबचे व खालून जवळचे दिसते. सोय मोठी, पण विहिरीच्या पायऱ्या उतरताना किंवा बांधावरून चालताना खालच्या काचेतून पायाखालची जमीन पुसट दिसते. तेव्हा मान लववून वरच्या भागातून पाहावे, नाहीतर शेतासाठी लांबचा चष्मा वेगळा ठेवावा.

पहूर-शेंदुर्णीच्या बाजारात तयार चष्मा घेतला की काम भागले, असे बरेच जण म्हणतात. त्यात दोन्ही काचा सारख्याच असतात. आपले दोन्ही डोळे सारखे असतीलच असे नाही. मोठा तोटा हा की, तपासणी राहून जाते. काचबिंदू गुपचूप नजर खातो, आणि गेलेली नजर परत येत नाही. म्हातारपणी एकदम चष्म्याशिवाय वाचता येऊ लागले, तर पेढे वाटू नका; ती मोतीबिंदूची सुरुवात असू शकते. मधुमेहात रक्तातली साखर वर-खाली झाली की नंबरही हलतो. आधी साखर आटोक्यात आणा, मग काच करा.

१९७६ पासून देशात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम चालू आहे. जामनेरला उपजिल्हा रुग्णालय आहे. आमचे सांगणे एवढेच : चाळिशी उलटली की दर दोन वर्षांनी डोळे तपासून घ्या, आपण काम किती अंतरावर करतो ते तपासणाऱ्याला सांगा, आणि नंबरची चिठ्ठी सातबाऱ्यासारखी जपून ठेवा.